महासत्ता पेणच्या खाडीत

शिवभारतात एक यादी आहे. शाइस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला आहे आणि कारतलबखान या उझबेक सरदाराला तो कोकणात उतरायला सांगतो आहे. काय काय जिंकायचे तेही तो नावानिशी सांगतो : चौल, कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे. कवींद्र परमानंदाने ही नावे ओघात लिहून टाकली आहेत. वाचणारा त्यावरून पुढे जातो, कारण पुढे उंबरखिंडीची लढाई आहे आणि सगळ्यांना ती हवी असते. पण जरा थांबून ती नावे नकाशावर शोधावीत. पाचही गावे खाडीच्या पाण्याशी बांधलेली. पाचही ठिकाणी तारू लागायचे, माल उतरायचा आणि तिथून बैलांचे तांडे घाटाकडे निघायचे. राजगड नाही, तोरणा नाही, एकही डोंगरी किल्ला त्या यादीत नाही. पुण्यात बसलेल्या सुभेदाराला कोकणातली बंदरे हवी होती.

आज मुंबई-गोवा महामार्गाने जाणारा माणूस पेणला गणपतीच्या मूर्ती बघतो, वडखळच्या वाहतूक-कोंडीत अडकतो, नागोठणे मागे टाकतो आणि कोलाडला उजवीकडे वळून रोह्याला पोचतो. तासा-दीड तासाचा हा टापू. सतराव्या शतकात याच टापूत पाच सत्तांचे हितसंबंध एकमेकांत अडकले होते : दिल्लीचे मोगल, विजापूरचे आदिलशहा, रेवदंड्याचे पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी आणि शिवाजी महाराज. थोड्याच वर्षांत मुंबईचे इंग्रज सहावे झाले. त्यांतला मोगल बाकी सगळ्यांहून इतका मोठा होता की आजच्या भाषेत त्याला महासत्ताच म्हणावे लागते. तिच्या एका सुभेदाराबरोबर येणारी फौज कोकणातल्या सगळ्या ठाण्यांच्या शिबंदीहून मोठी असे. तरीही ही महासत्ता पन्नास वर्षे या टापूत येत राहिली, जिंकत राहिली आणि तिच्या हाती फारसे काही टिकले नाही. असे का झाले, हा या प्रकरणाचा विषय.

आधी मोगलांचा इथे दावा काय होता ते पाहू, कारण महासत्तेच्या हाती नेहमी एखादा कागद असतो. हा सगळा प्रदेश मूळचा निजामशाहीचा. नागोठण्याजवळ अंबा नदीवर जो जुना दगडी पूल आहे तो त्याच राजवटीत, १५८० च्या सुमारास, चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधवला असे मानतात. चौलला उतरलेला माल घाट चढून अहमदनगरकडे जायचा, त्या वाटेवर नदी आड येत होती. १६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली, तेव्हा कोकण विजापूरच्या वाट्याला गेले. १६५७ मध्ये औरंगजेबाने दक्षिणेचा सुभेदार म्हणून विजापूरला नमवले आणि निजामशाही कोकण परत देण्याचे वचन तहात घालून घेतले. विजापूरने लिहून दिले, मोगलांनी लिहून घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेऊन टाकली. देणाऱ्याकडे जे उरले नाही ते घेणाऱ्याकडे कागदावर राहिले. औरंगजेबाला तेव्हा बापाच्या तख्ताची घाई होती. तो उत्तरेकडे निघून गेला. त्या कागदाची वसुली करायला १६६० च्या मे महिन्यात शाइस्ताखान पुण्यात आला.

खानाची रीत सरळ होती. चाकणचा भुईकोट त्याने वेढला. फिरंगोजी नरसाळ्याने तो छप्पन्न दिवस लढवला आणि ऑगस्टच्या मध्यावर किल्ला पडला. एका लहानशा भुईकोटाला दोन महिने लागत असतील, तर सह्याद्रीवरच्या किल्ल्यांना किती लागतील हा हिशेब खानाला नक्कीच करता येत होता. म्हणूनच, मला वाटते, त्याने किल्ल्यांचा नाद सोडून बंदरांकडे फौज पाठवली. कल्पना वाईट नव्हती. बंदरे गेली की जकात गेली, मीठ गेले, अरबी घोडे गेले.

कारतलबखान बोरघाटाने न उतरता लोहगडाच्या बाजूने कुरवंडे घाटाकडे वळला. त्याच्याबरोबर माहूरची रायबागन होती, रजपूत होते, मराठा सरदारही होते. फेब्रुवारी १६६१ च्या सुरुवातीला ही फौज घाट उतरून आताच्या खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळच्या रानात, म्हणजे उंबरखिंडीत, शिरली. इथे पाण्याचा जो ओढा दिसतो तीच अंबा नदी. हीच नदी पुढे जांभूळपाड्यावरून, पालीवरून वाहत नागोठण्याला जाते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे खान जर त्या रानातून बाहेर पडला असता तर नदीच्या काठाकाठाने यादीतल्या शेवटच्या गावी आपोआप पोचला असता. तो पडला नाही. पुढची वाट महाराजांनी अडवली होती, मागची घाटवाट बंद केली होती, दोन्ही अंगांना झाडीत माणसे होती. पाणी नाही, वारा नाही, घोडा वळवायला जागा नाही. रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने वकील पाठवला.

पुढचा भाग लढाईच्या वर्णनात एका ओळीत उरकला जातो. महाराजांनी खानाला सोडून दिले. सामानसुमान ठेवायचे, खंडणी भरायची आणि आल्या वाटेने परत जायचे. ठार मारणे त्या घटकेला सोपे होते. पण मोगल बादशहाशी कायमचे वैर करणे परवडणारे नव्हते, आणि हरलेला खान पुण्याला जाऊन काय सांगणार हेही मोलाचे होते. जिवंत परतलेली फौज त्या रानाचे वर्णन छावणीभर करणार. दुबळ्या बाजूने बलाढ्याच्या सेनापतीला अभय द्यावे, यातच निम्मी मुत्सद्देगिरी होती.

इथवरची गोष्ट शाळेत शिकवतात. त्यानंतरचे शिकवत नाहीत. महाराज दक्षिणेला दाभोळ, संगमेश्वर, राजापूरकडे गेले आणि मे महिन्यात मोगलांनी कल्याण घेतले. उंबरखिंडीला चार महिनेही झाले नव्हते. महासत्तेची एक फौज हरली की दुसरी दुसऱ्या वाटेने येते. तिच्याजवळ फौजांचा तुटवडा नसतो. १६६२ मध्ये नामदारखान पेणच्या बाजूला उतरला. पेणजवळच्या मिऱ्या डोंगराशी, म्हणजे मिरगडाच्या परिसरात, खुद्द महाराज त्याच्यावर चालून गेले. पेणच्या लढाईत महाराजांचा वाघोजी तुपे जबर जखमी झाला. ठाणे इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाराजांनी सर्जेराव जेध्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे : मोगल येत आहेत, गावोगाव फिरून रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली सुरक्षित जागी न्या, यात हयगय कराल तर पाप तुमच्या माथी. ते पत्र घाटावरच्या रयतेविषयी आहे, पण घाटाखाली काय स्थिती होती तेही त्यातून कळते. मोगलांना बंदरे घेता येत होती, पण बंदराच्या मागची माणसे त्यांच्या हाती लागत नव्हती. ओस गावातून जकात कसली मिळणार?

शाइस्ताखानाचे लाल महालात काय झाले ते सांगायला नको. ते एप्रिल १६६३ मध्ये झाले, आणि जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली. मग औरंगजेबाने माणूस बदलला.

मिर्झाराजा जयसिंग पन्नाशी ओलांडलेला, तीन बादशहांची चाकरी केलेला, फार्सी-तुर्की-उर्दू जाणणारा, आणि मुख्य म्हणजे माणसांना काय हवे असते ते ओळखणारा. सप्टेंबर १६६४ च्या अखेरीस त्याची नेमणूक झाली. त्याने पहिली मागणी अधिकाराची केली. लष्कर आणि मुलकी कारभार दोन्ही एका हातात हवेत, जहागिरी देण्या-काढण्याचा, बढतीचा अधिकार हवा. दरवेळी दिल्लीला विचारत बसलो तर काम होणार नाही. संशयी औरंगजेबाने हे मान्य केले, यावरून त्याला दक्षिणेची किती काळजी वाटत होती ते दिसते. ३ मार्च १६६५ ला मिर्झाराजा पुण्यात पोचला. त्याच्या आधी दोन आठवडे, १८ फेब्रुवारीला, पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात दिले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण पेणच्या खाडीच्या तोंडाशी महिन्याच्या आत दोन नवे शेजारी आले.

पुरंदरला वेढा पडण्याआधी मिर्झाराजाने पत्रांचा वेढा घातला. मला त्याच्या सगळ्या मोहिमेतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयकडे त्याने दोन फिरंगी माणसे पाठवली : शिवाजीला मदत करू नका. जंजिऱ्याच्या सिद्दीला पत्र गेले. रामनगर, पेठ, जव्हारकडच्या कोळी राजांकडे त्याने निकोलाव मनुची या व्हेनिसच्या तोफखानेवाल्याला धाडले. कर्नाटकात बेदनूर, बसवपट्टणच्या नायकांकडे माणसे गेली, म्हणजे विजापूरची पाठ तिकडून धरली जाईल. जावळीच्या मोऱ्यांच्या भाऊबंदांना बोलावणे गेले, अफजलखानाच्या मुलाला बोलावणे गेले. ज्याचा ज्याचा शिवाजीशी काही ना काही हिशेब राहिला होता त्याला मिर्झाराजाने शोधून काढले. शाइस्ताखानाला तीन वर्षांत हे सुचले नाही. आणि विजापूरला? विजापूरला झुलवत ठेवले. शिवाजीविरुद्ध मदत करा, खंडणीत सूट मिळेल, असे सांगायचे आणि मनात त्याच्यावरच पुढची मोहीम आखायची. आदिलशहा आणि शिवाजी एकत्र येऊ नयेत, हा सगळ्या खटाटोपाचा गाभा होता.

मग फौज. सासवडजवळ तळ, कारण तिथून पुरंदर जवळ, पुणे जवळ, विजापूरची वाटही हाताशी. लोहगडासमोर कुतुबुद्दीनखान, म्हणजे कोकणातून वर येणारी मदत तिथेच अडेल. दाऊदखान राजगडाच्या आसपासची गावे जाळत फिरू लागला. हे क्रौर्य होते आणि हिशेबी होते : रयतेला रक्षण देता येत नाही हे दाखवायचे, म्हणजे राजा बोलणीला येईल. १४ एप्रिलला वज्रगड पडला. पुरंदरावर किल्लेदार मुरारबाजी देशपांडे पडला.

११ जूनला महाराज मोजक्या माणसांनिशी मिर्झाराजाच्या तंबूत आले. तंबूतून पुरंदरची चढाई दिसत होती. मिर्झाराजाने ती त्यांच्यासमोरच करवली होती. कत्तल थांबवा, किल्ला देतो, असे म्हणण्याची वेळ तिथेच आणली गेली. महाराजांना दुसऱ्या दिवशी दिलेरखानाकडे पाठवण्यात आले, म्हणजे वेढा घालणाऱ्या खानाचा मान राहील आणि तो तहात खोडा घालणार नाही. आपल्याच छावणीतला रुसवा सांभाळणे हाही तहाचा भाग असतो. मनुची लिहितो, रात्री मिर्झाराजाबरोबर पत्ते खेळत बसलो असताना शिवाजी तंबूत आला. मनुची बढाईखोर होता, तेव्हा त्याच्या पत्त्यांवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

ताकद दाखवून बोलणी करायची हे सगळेच करतात. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली होती. ढाका पडायचे ते पडलेच. नौका आली, पण तिच्यासोबत भारतापुढे ठेवण्यासारखा प्रस्ताव नव्हता. मिर्झाराजाजवळ तो तयार होता.

तहात तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. बारा किल्ले आणि लाख होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला. पेणहून उत्तरेला निघाले की दिसणारा कर्नाळा गेला. पनवेलमागचा मुरंजन, म्हणजे प्रबळगड, गेला. पलीकडे माहुली, कोहोज गेले. रोह्याजवळचा घोसाळगड मात्र राहिला, पालीजवळचा भोरप म्हणजे सुधागड राहिला. पेणकडची बाजू दिली आणि रोह्याकडची ठेवली, असे वरवर वाटते. तसे सरळ नाही. दक्षिणेकडे महाड-निजामपूरच्या टापूत सोनगड आणि मानगड मोगलांनी मागून घेतले, म्हणजे रायगडाच्या अंगणातच त्यांची ठाणी बसली. सरहद्दीची रेघ आखायची नव्हतीच. राहिलेल्या प्रत्येक किल्ल्याशेजारी आपला एक किल्ला असावा, अशी ती वाटणी होती. घोसाळ्याच्या हवालदाराला कुंडलिकेच्या खोऱ्यात धान्य आणायचे तरी कोण कुठून बघतो आहे याचा विचार करावा लागला असता.

आणि त्या तहातली खरी मेख कोकणातच होती. विजापूरच्या ताब्यातला तळकोकणचा चार लाख होनांचा आणि घाटावरचा पाच लाख होनांचा मुलूख शिवाजीने जिंकून घ्यावा, बादशहा त्याला मान्यता देईल. बदल्यात शिवाजीने चाळीस लाख होन तेरा वर्षांच्या हप्त्यांनी भरावेत. मिर्झाराजाने बादशहाला यातले तिहेरी गणित समजावून सांगितले : सुमारे दोन कोटी रुपये मिळतील, शिवाजी आणि विजापूर कायमचे एकमेकांचे वैरी होतील, आणि त्या रानावनात मोगल फौजेला स्वतः झिजावे लागणार नाही. दुसऱ्याचा मुलूख तिसऱ्याला द्यायचा आणि त्याची किंमतही त्याच्याचकडून घ्यायची. विसाव्या शतकातल्या कुठल्याही परराष्ट्रमंत्र्याने टोपी काढावी असा हा तह होता.

तो वर्षभरसुद्धा टिकला नाही. मिर्झाराजाची विजापूरवरची मोहीम नोव्हेंबर १६६५ मध्ये निघाली, शहराच्या जवळ पोचली आणि जानेवारीत मागे फिरली. विजापूरकरांनी आसपासची शेते उजाड केली होती, विहिरी बुजवल्या होत्या. महाराज पन्हाळ्यावर अपयशी ठरले. त्यांचा सरदार नेतोजी पालकर विजापूरला जाऊन मिळाला. आता शिवाजीला इथून दूर ठेवणेच बरे, म्हणून त्याला आग्र्याला पाठवण्यात आले. तिथे १२ मे १६६६ ला दरबारात काय झाले ते प्रसिद्ध आहे. मिर्झाराजाने महिनोन्‌महिने खपून ज्याला बांधून आणले होते त्याला बादशहाने एका सकाळी मागच्या रांगेत उभे केले. औरंगजेबाची बाजूही सांगितली पाहिजे : त्याच्या लेखी हा कालचा बंडखोर, मुलाच्या नावे पाच हजारी मनसब मिळालेला जमीनदार; त्याला पुढे उभे केले तर रजपूत मनसबदारांना काय सांगायचे? महासत्तेचा दरबार आणि तिचा सरहद्दीवरचा माणूस यांची नजर नेहमी अशीच फाकते. सरहद्दीवरच्याला शेजारी दिसतो, दरबाराला रांग दिसते. ऑगस्टमध्ये महाराज निसटले. मिर्झाराजा पुढच्या वर्षी बऱ्हाणपुरात मेला, बादशहाची मर्जी आणि पदरचा पैसा दोन्ही गमावून.

महाराजांनी घाई केली नाही. तीन-साडेतीन वर्षे तह पाळल्यासारखे दाखवले आणि १६७० मध्ये सगळे उलटवले. फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर, जूनमध्ये माहुली आणि कर्नाळा. पावसाच्या तोंडावर कर्नाळा परत आला तेव्हा पेणकडची वाट मोकळी झाली.

आता मोगलांनी तिसरी रीत धरली, आणि पेण-रोह्याच्या लोकांना सर्वांत जास्त सोसावी लागली ती हीच. स्वतः यायचे नाही. दुसऱ्याला पैसा आणि जहाजे द्यायची. जंजिऱ्याचे सिद्दी विजापूर सोडून १६७० नंतर बादशहाचे चाकर झाले. त्यांना मनसबी मिळाल्या, त्यांच्या प्रमुखाला याकुतखान किताब मिळाला, सुरतेच्या उत्पन्नातून नेमणूक मिळाली. सुरतेहून आरमार निघायचे, जंजिऱ्याकडे जायचे आणि पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा मागायचे. इंग्रजांची इथे कोंडी झाली. सुरतेची वखार मोगलांच्या मर्जीवर. सिद्दीला नकार दिला तर व्यापार बसतो. पण मुंबईची चूल पेटायची ती समोरच्या किनाऱ्यावरच्या तांदळावर आणि लाकूडफाट्यावर, आणि तो मुलूख शिवाजीचा. ऑक्टोबर १६७३ मध्ये सिद्दीचे आरमार मुंबई बंदरात शिरले, त्याची माणसे पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांत उतरली आणि गावे उजाड करू लागली. मराठ्यांनी त्यांना गाठून सुमारे शंभर जण मारले. मुंबईच्या इंग्रजांनी हे सगळे आपल्या तटावरून पाहिले असेल आणि मनातल्या मनात तांदळाचा भाव मोजला असेल. सिद्दीला आसरा देणारे तेच आणि त्याने जाळलेले भातही त्यांच्याच ताटातले.

यातून वाट काढायला मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर याने मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडनला रायगडी पाठवले. दुभाष्या नारायण शेणवी बरोबर होता. ही वकिलात चौलला आली आणि तिथून होडीने कुंडलिका नदीतून वर अष्टमीला उतरली. रोह्याच्या समोरच्या काठावरची ती अष्टमी. तिथून निजामपूरवरून पाचाड. रोह्याची जुनी ओळख म्हणून हे सांगायला हरकत नाही की मराठी राज्याच्या राजधानीकडे जाणारी परदेशी वकिलात इथल्या धक्क्यावर पाय ठेवून गेली. भरती साधून वर यायचे आणि इथे होडी सोडून डोंगराची वाट धरायची.

वकिलातीची एक मागणी होती की महाराजांनी सिद्दीशी समेट करावा. इंग्रजांचे म्हणणे, तुमचे भांडण मिटले की आमची कोंडी सुटेल. महाराजांनी ते मानले नाही. इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई, व्यापाराची मोकळीक, जकातीचा दर यांवर बोलणे झाले. महाराजांच्या बाजूने निराजीपंतांनी मध्यस्थी केली. राज्याभिषेक ६ जूनला झाला आणि आठवडाभरात तह झाला. एक गंमत याच वकिलातीच्या हकिगतीत नोंदलेली आहे. पाहुण्यांना रोज अर्धा बकरा पुरवला जायचा. तो पुरवणारा म्हातारा खाटीक एकदा मुद्दाम गड चढून आला. इतकी वर्षे धंदा केला त्यात जितके मांस खपले नाही तितके थोड्या दिवसांत खाणारी ही माणसे दिसतात तरी कशी, ते त्याला बघायचे होते.

तह झाला तरी सिद्दीला मुंबईत आसरा मिळत राहिला. वकील थकले तेव्हा महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. इंग्रज आणि सिद्दी दोघेही तुटून पडले. थळच्या किनाऱ्यावरून होड्या रात्री सामान घेऊन बेटावर जात राहिल्या, तट चढत गेला. इंग्रज अखेर मागे सरले. सिद्दीने शेजारचे उंदेरी धरले.

एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. दीड वर्षाने औरंगजेब स्वतः दक्षिणेत आला आणि पुढली पंचवीस वर्षे इथेच राहिला. रायगड नोव्हेंबर १६८९ मध्ये पडला. महासत्तेने लष्करी अर्थाने जिंकायचे ते सगळे जिंकले. मग कोकणाचे काय करायचे? फौज पुढे जिंजीकडे न्यायची होती, कारकून पाठवायला कोणी तयार नव्हते, पाऊस चार महिने. म्हणून रायगड सिद्दीकडे दिला आणि आसपासच्या महालांतही त्याचाच अंमल बसला. हा टापू मोगलांनी स्वतः फारसा चालवलाच नाही.

या व्यवस्थेचे ओझे बादशहा मेल्यावरही इथल्या गावांनी वाहिले. मराठे पुन्हा वर आले तसा एकाच गावातून सिद्दीचाही वसूल आणि मराठ्यांचाही वसूल, अशी दुहेरी रीत काही महालांत चालू राहिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट कारभार क्वचितच असेल. १७३३ मध्ये रायगड परत आला. १९ एप्रिल १७३६ ला रेवसजवळ चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याला मारले आणि तह झाला, पण जंजिरा सिद्दीकडेच राहिला. पुढे पेशवाई गेली, १८४० मध्ये कुलाब्याचे आंग्रे संस्थान कंपनीने खालसा केले, तरी मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा मुलूख सिद्दीच्याच हाती होता. जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले ते १९४८ साली. ज्या दिल्लीने त्या सिद्दीला मनसब देऊन पोसले, तिचा शेवटचा बादशहा रंगूनला रवाना होऊन तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.